परतीचं तिकीट कोणाच्या खिशात?

मराठीत नॉस्टॅल्जियासाठी ‘स्मरणरंजन’ हा शब्द रुळला आहे, आणि मला तो मूळ शब्दापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. आठवणी काढून माणूस स्वतःची करमणूक करून घेतो, हे त्यात सरळ मान्य केलेलं आहे. टँगोबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते ऐकताना हा शब्द मला सारखा आठवतो. लाल गुलाब, रस्त्यावरचा पिवळा दिवा, बान्दोनेऑनचा हुंदका. आणि मग ठरलेलं वाक्य, की टँगो म्हणजे घर सोडून आलेल्या माणसांचं दुःख, आणि दुःख वैश्विक असल्यामुळे शब्द नाही कळले तरी चालतात. पुण्यात मी काही वर्षं टँगो शिकले तेव्हा आमच्या शिक्षकांनीही हेच सांगितलं होतं: शब्दांकडे लक्ष देऊ नका, भाव पकडा. मी स्पॅनिश शिकायला लागले ती बरीचशी या सल्ल्याच्या रागातून. शब्द कळू लागले तसा राग वाढतच गेला.

माझं म्हणणं असं आहे. टँगोच्या गीतांतली हुरहुर वैश्विक वगैरे अजिबात नाही. तिला पत्ता आहे, साल आहे, लिंग आहे, आणि बहुतेक वेळा तिच्या खिशात परतीचं तिकीट आहे. ज्यांच्याकडे हे तिकीट नव्हतं त्यांची हद्दपारीही या गीतांत सापडते, पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी दुःखाची पार्श्वभूमी म्हणून. जो ऐकणारा ‘भाव’ पकडून शब्द सोडून देतो, तो नेमका हा हिशेब सोडून देतो. आणि हिशेब सोडला की उरतं ते फक्त रंजन.

पहिल्यांदा ‘घर सोडून आलेल्यांचं दुःख’ या दाव्याकडे बघू. १९१४च्या जनगणनेनुसार अर्जेंटिनातली सुमारे तीस टक्के माणसं परदेशात जन्मलेली होती. राजधानी ब्वेनोस आयरेसमध्ये तर जवळजवळ निम्मी. इटली आणि स्पेनमधून आलेली बोटभर माणसं रोज बंदरावर उतरत होती आणि कोन्बेन्तीयोत राहायला जात होती. कोन्बेन्तीयो म्हणजे आपली चाळच: मधे चौक, भोवती खोल्या, एका खोलीत एक कुटुंब, नळ आणि संडास सगळ्यांचा मिळून. टँगो या वस्तीत वाढला हे खरं. मग त्याच्या गीतांमध्ये जेनोआ, नेपल्स, गालिसिया यांच्या आठवणींचा पूर यायला हवा होता. तो येत नाही. ‘ला व्हिओलेता’ (१९२९) मध्ये खानावळीत दारू पिऊन गावाकडचं गाणं गाणारा एक इटालियन म्हातारा आहे. अशी आणखी काही गाणी सापडतात. पण हजारो गीतांच्या त्या ढिगात ती अपवाद म्हणूनच उठून दिसतात.

मग टँगोचा नायक कशासाठी झुरतो? बारियोसाठी, म्हणजे शहराच्या कडेच्या आपल्या मोहल्ल्यासाठी. कोपऱ्यावरचं दुकान, मातीचा रस्ता, आईचं घर, दारातली वेल. हा मोहल्ला तो जिथे उभा आहे तिथून बहुधा ट्रामच्या एका तिकिटाइतका लांब असतो. ज्यांचं घर समुद्रापलीकडे राहिलं ते आईबाप गीतांत जवळपास मुके आहेत. आणि त्यांची मुलं, ज्यांनी कधी समुद्र ओलांडला नाही, ती ट्रामच्या अंतरावरून हद्दपारीच्या भाषेत रडतात. मी याला चोरी म्हणणार नाही, कारण मुलांना आईबापांचं दुःख वारशातही मिळतं. पण ‘टँगो म्हणजे स्थलांतरितांचं रडगाणं’ असं म्हणणाऱ्याने एवढं तरी पाहावं, की स्थलांतरिताला त्या रडण्यात बोलायची पाळी क्वचितच आली.

दुसरा दावा रक्ताचा. ब्वेनोस आयरेसच्या माणसाच्या स्वभावातच खिन्नता आहे आणि टँगो ती नुसती बाहेर काढतो, असं सांगितलं जातं. या दाव्याला उत्तर म्हणून परतीचं सगळ्यात प्रसिद्ध गाणंच घ्या: ‘वोल्वेर’, म्हणजे परतणं. ते १९३५ सालचं. शब्द लिहिले आल्फ्रेदो ले पेराने. त्याचा जन्म ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा, आईबाप इटालियन. गायलं आणि स्वरबद्ध केलं कार्लोस गार्देलने. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याचा जन्म फ्रान्समधल्या तुलूझचा. गाणं आहे ‘एल दिया के मे कियेरास’ या चित्रपटातलं, आणि तो चित्रपट बनला न्यूयॉर्कमध्ये, पॅरामाउंट या अमेरिकन कंपनीसाठी. हे चित्रपट मेक्सिकोपासून चिलीपर्यंत विकायचे होते, म्हणून ले पेराने लुन्फार्दो, म्हणजे ब्वेनोस आयरेसच्या गल्ल्यांतली बोली, जवळपास गाळून टाकली आणि सगळ्यांना कळेल अशी स्वच्छ स्पॅनिश वापरली. पडद्यावर गार्देल बोटीच्या कठड्याला टेकून गातो. वीस वर्षांनी परतणाऱ्या माणसाच्या मनातली ओढ आणि भीती दोन्ही त्यात आहेत: गेलेलं आयुष्य आपल्याला गाठणार याची भीती.

यावरून ‘म्हणजे सगळं खोटंच’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. गाणं उत्तम आहे. कारागिरीने केलेली वस्तू खोटी नसते. पण ती रक्तातून झिरपलेलीही नसते. एका देशाची राष्ट्रीय हुरहुर दुसऱ्या देशातल्या स्टुडिओत, तिसऱ्या देशात जन्मलेल्या कवीने, चौथ्या देशात जन्मलेल्या गायकासाठी, बाजाराच्या गरजेनुसार घडवली. हे कळलं की ‘अर्जेंटिनी आत्मा’ वगैरे बोलणं बंद व्हायला हवं. दोघंही त्याच वर्षी २४ जूनला कोलंबियातल्या मेदेयिनच्या विमानतळावर अपघातात गेले. गार्देलचं शव ब्वेनोस आयरेसला पोचलं ते १९३६च्या फेब्रुवारीत. परतीचं गाणं गाणारा माणूस पेटीत बंद होऊन परतला, आणि त्या दिवसापासून गाणं आणि माणूस वेगळे करणं लोकांनी सोडूनच दिलं.

या रडण्यावर जुना आक्षेप बोर्हेसचा. त्याला शब्द नसलेला किंवा उनाड शब्दांचा जुना टँगो आवडायचा, सुरे चालवणाऱ्या माणसांचा. गार्देलच्या काळापासूनचं कण्हणं त्याला नकोसं होतं. ‘एव्हारिस्तो कार्रिएगो’ या पुस्तकाच्या १९५५च्या आवृत्तीत त्याने टँगोच्या इतिहासावरचं प्रकरण घातलं, त्यातही जीव आहे तो याच जुन्या मर्दुमकीत. बऱ्याच बुद्धिवंतांना ही भूमिका सोयीची वाटते: आम्ही रडक्या टँगोचे नाही, आम्ही मूळच्या कणखर टँगोचे. पण याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत बोर्हेस सांगतो की त्याचं बालपण लोखंडी कुंपणाआड, बागेत आणि इंग्रजी पुस्तकांच्या खोलीत गेलं. सुरेवाले कुंपणाबाहेर होते. १९१४ ते १९२१ तो कुटुंबासह युरोपात होता, आणि परतल्यावर त्याने आपल्या शहराचं पुराण रचायला घेतलं. म्हणजे न जगलेल्या मोहल्ल्याची हुरहुर तीच, फक्त तिने डोळे पुसून कमरेला सुरा लावलाय. रडणाऱ्या स्मरणरंजनाला शूर स्मरणरंजन हा उतारा होऊ शकत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. टँगोत पुरुष रडतात यात मला काहीच वावगं दिसत नाही. उलट ते त्याचं मोठं काम आहे. १९१७ साली गार्देलने पास्कुआल कोन्तुर्सीचं ‘मी नोचे त्रिस्ते’ ध्वनिमुद्रित केलं आणि टँगोला गोष्ट सांगणारं गीत मिळालं. बाई सोडून गेली आहे. खोलीतली प्रत्येक वस्तू, गिटार, आरसा, दिवा, तिच्याविना बंद पडल्यासारखी झाली आहे. शहरात पुरुषांची संख्या बायकांपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे एकटा पुरुष ही खरीच सामाजिक परिस्थिती होती. प्रश्न असा आहे की त्या खोलीतून निघून गेलेली बाई कुठे गेली, आणि तिला काय वाटलं. पुढची वीस वर्षं टँगो या प्रश्नाचं उत्तर देत राहिला, आणि बहुतेक वेळा एकच उत्तर देत राहिला: ती कॅबरेत गेली, तिथे सुकली, आता तिला पश्चात्ताप होतोय. ‘मिलोन्गीता’ (१९२०) मधली एस्तेरसीता आठवा, किंवा सेलेदोनियो फ्लोरेसची ‘मार्गोत’. मोहल्ला सोडणाऱ्या मुलाला हुरहुर मिळते. मोहल्ला सोडणाऱ्या मुलीला शिक्षा.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा एकाच कवीच्या दोन गाण्यांत मिळतो. एन्रिके कादिकामोने १९३१ साली ‘आन्क्लाओ एन पारीस’ लिहिलं: पॅरिसमध्ये नांगर टाकून अडकलेला अर्जेंटिनी माणूस, खिशात पैसे नाहीत, बाहेर बर्फ पडतंय, आणि आपल्या शहरातला कोरिएन्तेस रस्ता आता किती बदलला असेल याचा विचार तो करतोय. निघून दहा वर्षं होत आली. दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच कादिकामोने ‘मादाम इव्होन’ लिहिलं: पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमधली फ्रेंच मुलगी, एका अर्जेंटिनी माणसाने तिला इकडे आणलं, तो गेला, ती उरली. तिलाही फ्रान्सहून निघून दहा वर्षं झाली आहेत. तीच दोन शहरं, तोच समुद्र, तीच दहा वर्षं, फक्त दिशा उलटी. पण पहिल्या गाण्यात माणूस ‘मी’ म्हणून बोलतो. दुसऱ्यात बाईबद्दल दुसराच कोणी बोलतो. त्याला आठवणी आहेत. तिला डोळ्यांत उदासपणा आहे, आणि तोही आपल्याला दुसऱ्याच्या नजरेतून दिसतो. तो एक दिवस परतेल अशी निदान इच्छा तरी गाण्यात आहे. ती परतेल असं कोणालाच वाटत नाही. ‘मामझेल’ होती ती ‘मादाम’ झाली, एवढाच तिचा प्रवास. गाणी दोन्ही सुरेख आहेत. म्हणूनच तर हा फरक सलतो.

आणि ही केवळ कवीची कल्पना नव्हती. १९२७ साली आल्बेर लोंद्र या फ्रेंच पत्रकाराने ब्वेनोस आयरेसला नेल्या जाणाऱ्या फ्रेंच मुलींच्या धंद्यावर पुस्तक लिहिलं. पोलंड-रशियाकडून ज्यू मुली आणणारी ‘स्वी मिग्दाल’ ही टोळी तर धर्मादाय मदत-संस्था म्हणून नोंदवलेली होती. राकेल लिबेरमान या बाईने तिच्याविरुद्ध तक्रार केली, १९३० मध्ये शंभरहून अधिक जणांना कोठडी झाली, आणि १९३१ मध्ये वरच्या कोर्टाने त्यातल्या बहुतेकांना सोडून दिलं. लिबेरमान १९३५च्या एप्रिलमध्ये ब्वेनोस आयरेसमध्येच वारली, पस्तिशीही न गाठता. गार्देलच्या दोन-अडीच महिने आधी. तिच्यासाठी शहर थांबलं नाही. माझ्या मते टँगोच्या जगातली खरी हद्दपारी ही होती: नाव बदललेलं, कागद दुसऱ्याच्या ताब्यात, परतीची वाट बंद. आणि टँगोने तिचं काय केलं? तिला फ्रेंच नावं दिली, शॅम्पेनचा पेला दिला, आणि तिला आपल्या रात्रीचं नेपथ्य केलं.

१९२०च्या दशकातलं ‘गाय्येगीता’ मला म्हणूनच विसरता येत नाही. अल्फ्रेदो नाव्हार्रिनेच्या या गीतात स्पेनच्या गालिसियातून आलेली पोर आहे. गावात म्हातारी आई. तिच्यासाठी चार पैसे साठवायचे हा एकच ध्यास. पैसे कॅबरेत मिळतात. तिच्याच गावचा एक पुरुष तिच्या मागे लागतो, ती त्याला नाकारते, आणि तो सूड म्हणून गावी परतून आईला सगळं सांगतो. बघा, एका गावातून दोघं आली. तो परतू शकला. त्याच्या परतण्यानेच तिचं परतणं कायमचं संपलं. कवीने हे शब्दांत मांडलं नसेल, पण गोष्ट रचतानाच त्याने ते मांडून ठेवलं आहे: परतीचं तिकीट पुरुषाच्या खिशात आहे, आणि तो ते बाईविरुद्ध वापरू शकतो. आपल्याकडे सासुरवाशिणीच्या ओव्यांनी दूर राहिलेल्या घराची ओढ बाईच्या तोंडी दिली. त्या ओढीला ‘माहेर’ असा स्वतंत्र शब्दही आहे. गाय्येगीताला माहेर होतं, पण टँगोने त्याचा उपयोग केला तो फक्त बदनामी पोचवायचा पत्ता म्हणून.

पश्चात्तापाचंही असंच आहे. दिसेपोलोच्या ‘एस्ता नोचे मे एम्बोर्राचो’ (१९२८) मध्ये एक माणूस पहाटे कॅबरेतून बाहेर पडणारी बाई पाहतो. दहा वर्षांपूर्वी तिच्यापायी तो बरबाद झाला होता, आईला उपाशी ठेवलं होतं, मित्र गमावले होते. आता ती म्हातारी, ओबडधोबड, सोललेल्या कोंबड्यासारखी दिसते, आणि हे दृश्य विसरायला तो दारू पिणार आहे. पुन्हा दहा वर्षं; टँगोत काळ मोजायचं हे जणू ठरलेलं माप आहे. या माणसाला वाईट कशाचं वाटतं ते पाहा. तिच्या दहा वर्षांचं नाही. आपण एवढ्या किमतीला हे विकत घेतलं याचं. हा पश्चात्ताप नाही, हा फसलेल्या सौद्याचा संताप आहे. आणि हे गाणं गाजवलं कोणी, तर आसुसेना माय्सानीने, म्हणजे एका बाईने, जी रंगमंचावर अनेकदा पुरुषी वेशात गायची. पुरुषाचे कपडे चढवल्याशिवाय टँगोत ‘मी’ म्हणायची सोय नव्हती, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

इथे कोणी म्हणेल, की बाई, गाण्याकडून तुम्ही पोलीस पंचनाम्याची अपेक्षा करताय. चार मिनिटांचं गाणं आहे, रडू द्या की माणसांना. यावर माझं उत्तर असं, की उत्तम टँगो हा हिशेब स्वतःच ठेवतात. मी काही नवं मागत नाही. ले पेरानेच, ‘वोल्वेर’च्याच साली आणि त्याच चित्रपटासाठी ‘वोल्व्हिओ उना नोचे’ लिहिलं. यात एका रात्री बाई परतते आणि क्षमा मागते. पुरुष तिला परत स्वीकारत नाही. गेलेले दिवस परत येत नसतात, असं तो मनाशी म्हणतो. इथपर्यंत नेहमीचंच: पुरुषाच्या परतण्यावर वाद्यवृंद, बाईच्या परतण्यावर कडी. पण शेवटी ती मुकाट्याने गेल्यावर तो आरशात पाहतो, आणि त्याला कळतं की आपल्या कपाळावरही इतके हिवाळे साचलेत की तिनेही आपल्यावर कणव केली. ही ओळख म्हणजे पश्चात्ताप. तो स्वतःला भाजतो, समोरच्याला नाही.

हद्दपारीचंही तसंच उदाहरण आहे, आणि ते लिहिणारा खरोखरच इटलीत जन्मलेला स्थलांतरित होता: मारिओ बातिस्तेला. १९०२ साली अर्जेंटिनाने कायदा क्रमांक ४१४४ केला. त्याखाली कोणत्याही परदेशी माणसाला खटल्याशिवाय देशाबाहेर काढता येत असे, आणि तो संप करणाऱ्या कामगारांवर भरपूर वापरला गेला. तो रद्द व्हायला १९५८ उजाडलं. ज्या शहरात निम्मी माणसं परदेशी होती तिथे या कायद्याचा धाक किती घरांत असेल याची कल्पना करा. आणि मग हद्दपारीच्या हुंदक्यांनी भरलेल्या टँगोत तो किती कमी दिसतो तेही पाहा. बातिस्तेलाच्या ‘आल पिए दे ला सान्ता क्रुस’ मध्ये (१९३३, गार्देलनेच गायलेलं) मात्र संप आहे, घरात उपासमार आहे, मजुरी तुटपुंजी आहे, आणि मालकांच्या कायद्याने शिक्षा झालेला माणूस पायांत बेड्या घालून बोटीच्या फळीवर चढतो आहे. धक्क्यावर कडेवर मूल घेतलेली बायको आहे. शिक्षेची बातमी म्हाताऱ्या आईवडिलांना तिने सांगितलेलीच नाही. ती दयेने खोटं बोलली आहे. इथे कोण कोणाला पाठवतंय, कशासाठी, आणि मागे कोण उरतंय, सगळं स्पष्ट आहे. आणि गाण्याचा हुंदका यामुळे तसूभरही कमी होत नाही. हिशेब ठेवला की गाणं कोरडं होतं, ही भीती व्यर्थ आहे.

सत्तेला हे आपल्या रसिकांपेक्षा लवकर कळतं. १९४३च्या लष्करी उठावानंतर आलेल्या सरकारने रेडिओवर लुन्फार्दोवर बंदी घातली आणि गाण्यांचे शब्द, शीर्षकंसुद्धा बदलायला लावली. आयाकुचो रस्त्यावरच्या ‘बुलीन’चं, म्हणजे भानगडींसाठी ठेवलेल्या खोलीचं, गाणं होतं, ते ‘माझी छोटी खोली’ असं झालं. रस्त्याचं नाव गेलं, खोलीचा धंदा गेला, उरली ती कोणाचीही खोली आणि कोणाचीही आठवण. बंदीने हुरहुर काढून टाकली नाही. फक्त तिचा पत्ता पुसला. ‘शब्द सोडा, भाव पकडा’ हा सल्ला देणारे हेच काम विनामूल्य करतात.

नाचाच्या गरजेनेही यात भर घातली आहे. १९२० आणि ३०च्या दशकांत नाचाच्या वाद्यवृंदांबरोबर गाणारा गायक बहुधा फक्त धृपद गायचा. पुढे तो जास्त गाऊ लागला तरी नाचासाठीच्या ध्वनिमुद्रणात पूर्ण गीत क्वचितच येतं: एक कडवं, धृपद, पुन्हा धृपद. गोष्टीचं शेवटचं कडवं, जिथे बहुधा आरसा असतो किंवा पत्र येतं, ते कापलं जातं. आज जगभर नाचाच्या रात्री वाजतात ती हीच ध्वनिमुद्रणं. म्हणजे हुरहुर शिल्लक राहते आणि तिचं कारण गळून पडतं.

ओमेरो मान्सीच्या ‘सुर’चं (१९४८) काय झालं तेही पाहा. मान्सीचा जन्म लांब सान्तियागो देल एस्तेरोतल्या आन्यातुयाचा. लहानपणी तो ब्वेनोस आयरेसच्या पोम्पेया भागात वसतिगृहात शिकला. १९३०च्या लष्करी उठावाला विरोध केल्यामुळे त्याला विद्यापीठ सोडावं लागलं. ‘सुर’ म्हणजे दक्षिण, शहराचा गरीब भाग. हे गाणं सान हुआन आणि बोएदो या दोन रस्त्यांच्या कोपऱ्याचं नाव घेऊनच सुरू होतं. त्यात पाणी भरणारी सखल जमीन आहे, बंधारा आहे, मुलीची खिडकी आहे, आणि मोहल्ला बदलून गेल्याची जाणीव आहे. गाणं लोकांच्या मनात बसलं ते या नेमकेपणामुळे. आज त्या कोपऱ्यावरच्या कॅफेला मान्सीचं नाव आहे आणि तिथे पर्यटकांसाठी टँगोचे कार्यक्रम होत आले आहेत. २००९ साली युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मला कॅफेचा किंवा यादीचा राग नाही. पण ‘मानवजातीचा वारसा’ म्हटलं की तो कोपरा कोणाचाच राहत नाही, आणि ‘बदलून गेलं’ या तक्रारीत बदलणारा कोण हा प्रश्न विचारायला कोणी उरत नाही.

१९७६च्या लष्करशाहीने हजारो अर्जेंटिनी लोकांना देशाबाहेर घालवलं, तेव्हा त्यांना परक्या शहरात टँगोचीच भाषा आठवली. फर्नान्दो सोलानास स्वतः पॅरिसमध्ये आश्रयाला होता. १९८५च्या ‘टँगोस, एल एक्सिलिओ दे गार्देल’ या चित्रपटात पॅरिसमधले निर्वासित टँगोचं नाटक बसवायची धडपड करतात आणि त्याचा शेवट त्यांना सापडत नाही. कारण शेवट म्हणजे परतणं, आणि ते त्यांच्या हातात नाही. कादिकामोच्या कवितेतला पॅरिसमध्ये अडकलेला माणूस आणि हे लोक यांच्यात हाच फरक आहे: त्याला फक्त पैसे कमी होते. ‘एक्साइल’ हा शब्द दोघांनाही लावणं म्हणजे उपास आणि उपासमार एकच मानणं.

मग बायकांचं काय? त्यांनी वाट पाहिली नाही. मारिया लुइसा कार्नेल्ली या पत्रकार बाईने ‘लुइस मारिओ’ आणि ‘मारिओ कास्त्रो’ अशा पुरुषी टोपणनावांनी टँगो लिहिले. तिचं १९२९चं ‘से व्हा ला व्हिदा’ तरुण मुलीला सल्ला देतं, आणि सल्ला टँगोच्या सगळ्या नीतिकथांच्या उलटा आहे: आयुष्य थोडं आहे, पैसेवाला सोय लावत असेल तर मागेपुढे पाहू नकोस, सरळ जा. पश्चात्तापाची जी शिक्षा मिलोन्गीता आणि मार्गोत यांना ठोठावली गेली, ती कार्नेल्लीने एका पुरुषाच्या सहीने रद्द केली. आणि खुद्द ‘वोल्वेर’? २००६ साली आल्मोदोव्हारने त्याच नावाचा चित्रपट केला. त्यात पेनेलोपे क्रुसच्या तोंडी ते गाणं आहे, आवाज एस्त्रेया मोरेन्तेचा, ढंग फ्लामेन्कोचा. हे गाणं तिला आईने शिकवलेलं. मेली असं सगळे समजत असलेली ती आई गाडीत लपून ते ऐकत असते आणि रडते. तेच शब्द, पण आता परत आली आहे ती एक आई, आणि तिच्याशी हिशेब मिटवायचा आहे तो तिच्या मुलीला.

म्हणून टँगो ऐकणाऱ्यांना आणि नाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. पुढच्या वेळी डोळे भरून येतील तेव्हा गाण्याचे पूर्ण शब्द शोधा, कापलेल्या कडव्यासकट. ‘मी’ कोण म्हणतंय ते पाहा, आणि कोणाबद्दल नुसतं बोललं जातंय ते पाहा. घरापासून तो माणूस किती लांब आहे, कोणी त्याला लांब ठेवलंय आणि परत जायला त्याला काय लागेल, हे विचारा. ‘आन्क्लाओ एन पारीस’ लावलंत तर लगेच त्यानंतर ‘मादाम इव्होन’ लावा. गार्देलने दोन्ही गायली आहेत, दोन्ही मिळून पाच-सहा मिनिटांचं काम आहे. एवढं करूनही रडू आलं, तर खुशाल रडा.